वरची परात

५ ऑक्टोबर, सोमवार

देवाच्या कृपेने नोकरीचा पहिला दिवस पार पडला, आणि तोही हसतखेळत. मॅट्रिक झाल्यापासून मला कुणी स्वतःची टेबल-खुर्ची दिली नव्हती. इतकी वर्षं घरात दही विरजलं, मिरच्या भाजून बरण्या भरल्या, दर शनिवारी वहीत खर्च मांडला. आता वैद्यकीय विद्यापीठाच्या हृदयरोग विभागात विभागप्रमुखांची सगळी पत्रं, आमंत्रणं, निवेदनं आणि भेटीगाठी मी सांभाळायच्या. खोलीला पूर्वेची खिडकी आहे. खाली चेस्टनटची झाडं आणि फाटकाशी संत मिनाचं छोटं चर्च. जेवणाच्या सुट्टीत रोज जाऊन येता येईल. यापेक्षा जास्त मी मागितलंही नसतं.

विभागप्रमुख प्राध्यापक हरालांपी द्रागीएव यांना अजून पाहिलं नाही. ते खुब्याच्या उपचारासाठी व्हिएन्नाला आहेत. त्यांना फोन करायचा नाही, काही विचारायचं नाही, असं उपप्राध्यापक कोझारोव यांनी बजावलं. तोवर त्यांच्या नावाने येईल त्या पत्राला त्यांच्याच नावाने उत्तर द्यायचं. कोझारोवनी जुन्या पत्रांचा गठ्ठा आणि सहीचा शिक्का माझ्यापुढे ठेवला. म्हणाले, चार दिवस वाचा बाई, सूर आपोआप सापडेल. मी म्हटलं, मला वैद्यकातलं ओ की ठो कळत नाही. तर म्हणाले, म्हणूनच तर तुम्हाला घेतलं. हा माणूस केसांना काळा रंग लावतो आणि कानामागे पुसायला विसरतो.

पगार बरा आहे, पण मी आले ती मेतोदीसाठी. त्याच्या हृदयाची झडप गंजल्यासारखी झाली आहे. दोन जिने चढला की ओठ निळे पडतात. माझ्या नवऱ्याचं नाव शस्त्रक्रियेच्या यादीत वर घ्यायचं कोझारोवनी कबूल केलंय, तारीख १० नोव्हेंबर. त्या तारखेसाठी मी या इमारतीची फरशीसुद्धा पुसली असती.

दुपारी चर्चमध्ये दोन मेणबत्त्या लावल्या, दोन्ही वरच्या परातीत. वरची परात जित्यांची, खालची वाळूची मेलेल्यांची, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. एक मेतोदीच्या नावाने, दुसरी प्राध्यापकांच्या. ज्यांचं मीठ खाणार त्यांची तब्येत मागायला नको? काडी उगाच कशाला जाळायची म्हणून दुसरी मेणबत्ती पहिलीच्या ज्योतीवरच पेटवली.

८ ऑक्टोबर, गुरुवार

विद्वान लोक एकमेकांना काय लिहितात हे बाहेर कळलं, तर कुणी आजारी पडायचं धाडस करणार नाही. आज एकाच्या साठीनिमित्त अभिनंदन, दुसऱ्याला पदक मिळालं म्हणून अभिनंदन, आणि तिसऱ्याने ते पदक त्याला मिळवून दिलं म्हणून त्याचंही अभिनंदन. सगळे एकमेकांचे ‘परम आदरणीय सहकारी’. मागच्या पत्रव्यवहारात पाहावं तर हेच परम आदरणीय एकमेकांना चोर म्हणतात.

त्यातल्या त्यात द्रागीएव बरे. छोटी वाक्यं, कोरडा विनोद, आणि प्रत्येक पत्राच्या शेवटी ‘हात उबदार ठेवा’. हृदयाला हात घालणाऱ्या माणसाचे हात थंड असू नयेत, असं ते शिष्यांना सांगायचे म्हणे. लग्न केलं नाही, मूलबाळ नाही, डोंगरात एक बंगली. म्हातारपणी असा माणूस परदेशात एकटा पडून राहतो आणि भेटायला विभागातलं काळं कुत्रंसुद्धा जात नाही. मी फुलं पाठवायचा विषय काढला, तर कोझारोव म्हणाले, व्हिएन्नात फुलांची ॲलर्जी असते.

सगळ्यांच्या तोंडी एकच विषय, मान्यता समिती. ती नोव्हेंबरच्या दहा तारखेला येणार. विभागात कामावर हजर असलेला पूर्ण प्राध्यापक नसेल, तर विभाग बंद करून दुसऱ्याला जोडणार. असेल, तर विभाग राहणार आणि कोझारोवनाही प्राध्यापकपद मिळणार. म्हणून तो मनुष्य कानामागे रंग लावून सगळीकडे धावतो.

प्राध्यापकांची खोली माझ्या खोलीला लागूनच आहे. मधल्या दाराला दुधी काच. कुलूप घातलेलं, किल्ली कोझारोवच्या खिशात.

१४ ऑक्टोबर, संत पेत्काचा दिवस

विभागात जेवण होतं. मी घरून बनित्सा, चीज भरलेली पापुद्र्यांची पोळी, भाजून नेली. चीज आमच्याच गावचं, म्हणून परवडली. मोठमोठे डॉक्टर बोटं चाटत होते आणि विचारत होते की बाई, कुठल्या बेकरीतली.

कोझारोव राकिया दारूचा ग्लास घेऊन उठले आणि प्राध्यापकांच्या तब्येतीसाठी म्हणून भाषण ठोकलं. सगळ्यांनी ग्लास उचलले, पण एकानेही दुसऱ्याच्या ग्लासाला ग्लास भिडवला नाही. शस्त्रक्रियेच्या दालनातल्या सिस्टर बिस्त्रांनी तर पिण्याआधी एक थेंब जमिनीवर सांडला. मी तिथल्या तिथे टोकलं, की अहो सिस्टर, हे काय, थेंब मेलेल्यांसाठी सांडतात, जित्या माणसाचं अशुभ कशाला करता. त्या पांढऱ्याफटक पडल्या. म्हणाल्या, हात थरथरला. मी म्हटलं, तुम्ही काही काळजी करू नका, मी रोज वरच्या परातीत त्यांच्या नावाने मेणबत्ती लावते.

कोझारोवना ठसका लागला. बनित्साचा तुकडा टेबलावर पडला. मग हसून म्हणाले, लावा की, लावा, त्याने कुणाचं काय बिघडतंय. इतका वेळ बडबडणारे सगळे एकदम आपापल्या ताटात पाहू लागले. शिकलेल्या लोकांना देवाचं नाव काढलं की लाज वाटते. मला त्यांच्या लाजेची लाज वाटली.

१९ ऑक्टोबर, सोमवार

मेतोदीला बरं नाही. काल तो अंगणाच्या फाटकापर्यंत गेला आणि परत येताना मला त्याच्या काखेत हात घालावा लागला. तरी तोंड चालूच. म्हणाला, नेदे, तू आता मोठी साहेबीण, मला उचलून न्यायला एक शिपाई ठेव.

चर्चमध्येही मला एक गोष्ट आवडली नाही. मेतोदीची मेणबत्ती तडतडते, वाकते, अर्ध्यावर विझते. प्राध्यापकांची मात्र सरळ, उंच, शांत जळते आणि संपतच नाही. मेणबत्त्या विकणाऱ्या ग्लिकेरिया आजी म्हणाल्या, मेणात भेसळ करतात मेले. पण दोन्ही एकाच गठ्ठ्यातल्या होत्या.

आणि शेजारच्या खोलीत काहीतरी आहे. दुपारी पत्रं लिहिताना आतून आवाज आला, ओल्या पिठाचं पोतं कुणी जमिनीवरून ओढावं तसा. उठून दाराला कान लावला तर गप्प. काचेवर आतून सावली होती. झाडाची म्हणावी तर त्या बाजूला झाड नाही. कोझारोवना सांगितलं. ते म्हणाले, जुनी इमारत, नळ आवाज करतात. मग किल्ली खिशातून काढून दुसऱ्या खिशात घातली.

२३ ऑक्टोबर, शुक्रवार

पत्रं आता माझी मीच लिहिते असं वाटत नाही. बसते, आणि ओळी येतात. काल प्लोव्हदिवच्या एका म्हाताऱ्या डॉक्टरांना त्यांच्या निवृत्तीचं पत्र लिहिलं. गठ्ठ्यात त्यांचं एकही पत्र नव्हतं, म्हणून चार गोड शब्द लिहायचे ठरवले होते. हात लिहीत गेला. लिहिलं, की आपण सैन्यात असताना धरणाच्या पाण्यात बुडालेली तुझी पिवळी कुत्री मला काल आठवली, तिचं नाव तू कुणालाच सांगितलं नव्हतंस, मला सांगितलंस. आणि पुढे नावही लिहिलं, बेलाना.

आज त्या डॉक्टरांचा फोन आला. ते रडत होते. म्हणाले, बाई, हारी बरा आहे ना, हे त्याच्याशिवाय जगात कुणाला माहीत नाही. मी म्हटलं, बरे आहेत, व्हिएन्नाला आहेत. ते म्हणाले, देवाची कृपा. मी पण म्हटलं, देवाची कृपा.

मग शिक्का उचलला तर त्याची मूठ गरम होती, जशी कुणी आत्ताच हातातून खाली ठेवली असावी.

कुत्रीचं नाव मला कुठून कळलं?

२८ ऑक्टोबर, बुधवार

सगळं कळलं. नीट लिहिते.

सकाळी दुधी काचेला आतून काहीतरी टेकलं. माणसाएवढं, पण माणसाचा आकार नाही. भरलेल्या पखालीसारखं, मऊ. काचेवर ओघळ आला. मी ओरडले. सिस्टर बिस्त्रा धावत आल्या, काच पाहिली आणि मटकन खालीच बसल्या. मग त्यांनी सांगितलं.

द्रागीएव व्हिएन्नाला गेलेच नाहीत. सप्टेंबर संपता संपता त्यांच्या बंगलीत ते मेले. कोझारोव कागदांवर सही घ्यायला गेला होता, त्याला खुर्चीत सापडले. समिती यायला इतके दिवस बाकी! त्याने कुणाला बोलावलं नाही. त्याच्या लग्नात साक्षीदार राहिलेला धर्मपिता शरीररचना विभागात आहे. दोघांनी मिळून देह तिथल्या तळघरातल्या शीतकपाटात नेऊन ठेवला, विद्यार्थ्यांसाठी येतात त्या बेवारस देहांमध्ये, नाव नाही, नुसता नंबर. विभागात सगळ्यांना माहीत आहे. सगळे शिष्य त्यांचे. त्यांच्या हाताखाली शिकले, त्यांच्या शिफारशींवर चढले. त्यांना पुरायला एकालाही सवड झाली नाही! माणूस मेला की आमच्याकडे गरिबातल्या गरिबाच्या दारावर, खांबावर, झाडावर फोटोचं निधनपत्रक लागतं. यांच्या नावाने मात्र अभिनंदनाची पत्रं निघतात. ती मी लिहिते.

तशीच ग्लिकेरिया आजींकडे गेले. त्यांनी ऐकलं आणि माझ्या थोबाडीत मारावी तसं माझ्याकडे पाहिलं. म्हणाल्या, अगं करंटे, ज्याच्यामागे ना मेणबत्ती, ना धूप, ना उकडलेले गहू, तो जात नसतो. आधी सावली होते. मग हाडं नसलेली पखाल. चाळिसाव्या दिवशी हाडं धरतात, मग तो कोट घालून बाजारात हिंडतो आणि कुणाला कळतसुद्धा नाही. पण त्याला अंग धरायला कुणाचा तरी जीव लागतो. आणि तू मेलेल्याची मेणबत्ती वर लावलीस, जित्याच्या ज्योतीवरून! कुणाच्या गं?

मेतोदीच्या. रोज. एक काडी वाचवायला.

३० ऑक्टोबर, शुक्रवार

कोझारोवच्या तोंडावर बोलले. वाटलं होतं नाकारेल. त्याने दार लावलं, मला खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि जसं काही नळदुरुस्तीचं बोलतोय तसं बोलला. समिती जाऊ दे, दुसऱ्याच दिवशी बँड लावून, झेंडे लावून पुरतो, पुतळासुद्धा उभारू. मेलेल्याला घाई नसते, बाई. मी म्हटलं, खोलीत काय आहे ते तुम्ही पाहिलंत? तो खिडकीबाहेर पाहत म्हणाला, मी त्या खोलीत जात नाही.

मी म्हटलं, मी आजच्या आज निधनपत्रक लावते. तेव्हा त्याने आवाज न चढवता सांगितलं, की जरूर लावा, पण विभाग बंद झाला तर शस्त्रक्रियांचं दालनही बंद. यादीतले रुग्ण दुसऱ्या शहरात नव्याने नाव घालतील. तुमच्या मेतोदींना तेवढा वेळ आहे का? तुम्हीच ठरवा.

किती नीच माणूस! अंगाला अत्तराचा वास, आणि आत कुजलेलं. याच्या हातात लोक आपलं हृदय देतात.

१ नोव्हेंबर, रविवार

चर्चमध्ये गेले. एकच मेणबत्ती घेतली, प्राध्यापकांची. खालच्या परातीत वाळू तयार होती. तिथे लावली की तो माणूस जाईल, मेतोदीवरचा भार उतरेल.

पण तो गेला, आणि गोष्ट फुटली, आणि तारीख गेली, तर झडप कोण बदलणार? दहा तारखेपर्यंत मेतोदी तग धरेल. नंतर मी सगळं नीट करीन.

असा हिशेब करत उभी राहिले, आणि हात वर गेला. वर लावली. यावेळी काडीने लावली, मेतोदीच्या ज्योतीवरून नाही. जणू त्याने पाप कमी होतं.

आजी पाहत होत्या. थुंकल्या तेवढ्या.

४ नोव्हेंबर, बुधवार

काडीने काही फरक पडला नाही. मेतोदीला आज पायमोजे मी घातले. पाय बर्फ.

काचेवर बोटं दिसतात आता. काल नव्हती. पेरं मोजता येतील इतकी स्पष्ट. एकेक बोट वाकवून पाहतो, नवे हातमोजे घातल्यासारखा.

सिस्टर बिस्त्रा म्हणाल्या, तळघरातलं कपाट रिकामं आहे. कोझारोवच्या धर्मपित्याने रजा टाकली. आता हे शूर लोक रजा टाकणार.

७ नोव्हेंबर, शनिवार, मृतात्म्यांचा दिवस

सगळं शहर कब्रस्तानात, हातात उकडलेले गहू, वाइन. मी पण गहू उकडले, वर साखर घातली, त्यांच्या नावाने वाटायचे ठरवलं. आता बस. तारीख गेली तर गेली. मेतोदी पायरीवर बसून श्वास शोधतो, मला बघवत नाही.

विभागात गेले, त्यांचा जुना फोटो घेऊन निधनपत्रक छापलं, दारावर चिकटवलं. नाव, आणि खाली ‘देव आत्म्याला शांती देवो’. एवढं सोपं होतं! जिना उतरेपर्यंत ते नव्हतं. पुन्हा चिकटवलं, पुन्हा फाडलेलं. वाटलं कोझारोव. पण कोझारोव कब्रस्तानात आपल्या आईच्या कबरीवर सुतकी चेहरा करून उभा होता, मी त्याला पाहिलं.

गहू वाटताना बायका विचारत होत्या, कुणासाठी. मी तोंड उघडलं. नाव येईना. जीभ टाळूला— येईचना. गहू तसेच घरी आणले.

९ नोव्हेंबर, सोमवार

आले.

सकाळी मुख्य जिन्याने. चांगला राखाडी कोट, हातात टोपी, गाल लाल. खुबा ठणठणीत. दार उघडलं आणि म्हणाले, सुप्रभात, मित्रहो.

मला वाटलं, कुणी किंचाळेल. कुणी क्रॉसची खूण करेल, कुणी खिडकीतून उडी टाकेल. ते मेल्याचं सगळ्यांना ठाऊक होतं, कोझारोवने तर त्यांना उचललं होतं. सगळे उभे राहिले. आधी एकाने टाळी वाजवली, मग सगळ्यांनी. कोझारोव थरथरत होता, कॉफीचा कप बशीवर वाजत होता. कप संपेपर्यंत त्याला समजलं की समितीपुढे आता खराखुरा प्राध्यापक उभा राहील. थरथर थांबली. पुढे होऊन त्याने त्यांचा कोट उतरवून घेतला, कॉलर झटकली. व्हिएन्नाची हवा मानवली सर, म्हणाला! या लोकांना सैतान आला तरी ते आधी त्याची सेवाज्येष्ठता विचारतील.

मग प्राध्यापक माझ्याकडे आले. हात पुढे केला. गरम होता. मी तो हात ओळखते. लग्नाच्या दिवशी माझ्या हातात होता तसा गरम. म्हणाले, बाई, पत्रं सुरेख होती, मला माझा सूर तुमच्यामुळे सापडला. मेणबत्तीबद्दलही आभार मानले. आणि मेतोदीवर उद्या ते स्वतः शस्त्रक्रिया करणार.

घरी येऊन मेतोदीला सगळं सांगितलं, न लपवता. जाऊ नकोस म्हणून पाया पडले. तो हसत सुटला, खोकला येईपर्यंत. म्हणाला, साहेबाला मेलेला म्हणतेस, आता पगारवाढ विसर. मग म्हणाला, नेदे, मला उशी उचलायला जोर नाही. खुद्द प्राध्यापक मिळतायत. नाही गेलो तर आठवडाभरात तसाही—



१० नोव्हेंबर

कॉरिडॉरमध्ये बसून लिहिते. पलीकडच्या दालनात समिती कॉफी पितेय, मोठमोठ्याने हसतेय. मेतोदीला आत नेलं. त्याने हात हलवला. मला प्रार्थनेचे शब्द आठवत नाहीत.

नंतर.

सिस्टर बिस्त्रा बाहेर आल्या, टोपी काढली, माझ्यासमोरून चालत गेल्या, जिना उतरल्या, फाटकाबाहेर गेल्या.

प्राध्यापक आले. हात पुसत. माझ्याशेजारी बसले. फार सभ्यपणे म्हणाले की झडप उत्तम बसली, पण आत काही उरलंच नव्हतं, सगळं आधीच मला मिळालं होतं. म्हणाले, आज विभागात मृत्यू परवडणार नाही, समिती संध्याकाळी जाते. तळघरात माझी जागा रिकामी आहे. निधनपत्रक लावू नका. गहू उकडू नका. मेणबत्ती वरच लावत राहा. तुम्हाला तर सगळं माहीत आहे. चाळिसाव्या दिवशी तो घरी येईल, पायऱ्या चढत, न धापता.

मी विचारलं, ज्योत कुणाची.

तुमची तब्येत चांगली आहे, म्हणाले.

कोझारोव दारात उभा होता. त्याच्या डोळ्यांत मला पहिल्यांदाच आपलेपणा दिसला.

पत्रक लिहिलं. ‘शस्त्रक्रिया यशस्वी. रुग्णाची प्रकृती समाधानकारक.’ शिक्का मारला.

१३ नोव्हेंबर

मेतोदीच्या बहिणीचा फोन. सांगितलं, आराम करतोय, भेटायला येऊ नका, जंतुसंसर्ग होतो. किती सहज बोलले मी. ती म्हणाली, देवाची कृपा.

ग्लिकेरिया आजी मला मेणबत्ती विकत नाहीत आता. दुसऱ्या चर्चमधून आणते. वर लावते. दोन. त्याची, माझ्या ज्योतीवरून.

२१ नोव्हेंबर

त्याच्या खुर्चीच्या मागे भिंतीवर सावली. खांदा जरा वाकडा, त्याचाच. मी तिच्याशी बोलते. केस गळतात. कोझारोवला प्राध्यापक केलं, त्याचं अभिनंदनाचं पत्र मलाच लिहायला दिलं. लिहिलं. परम आदरणीय.

२ डिसेंबर

खुर्ची ओली. पुसली, पुन्हा ओली. मऊ, मोठं— मी शाल घातली त्यावर. मेतोदीची आहे, राखाडी. त्याला थंडी वाजत असेल.

जिना चढताना थांबावं लागतं. आरशात ओठ पाहिले. निळे.

६ डिसेंबर, संत निकोला

हे मेतोदी नसलं तर? द्रागीएव तरी द्रागीएव आहेत का? कुणी विचारलं नाही. मीही नाही. विचारलं असतं तर थांबावं लागलं असतं.

आज थांबणार होते. खाली लावणार होते. कोट घातला, बटणं लागली नाहीत, बोटांत जोर—

१० डिसेंबर

बोटं आली. शालीबाहेर. त्याने माझा हात धरला. गरम, मेतोदी, किती गरम—

११

चर्चला जायला उठवत नाही. काल लावली नाही, आज नाही. त्याला कळलंय. खुर्ची सरकली, पलंगाकडे. हाडं पुरी नाहीत, तरी येतोय. भूक म्हणतोय बहुतेक. नेदे म्हणत नाही. एकदा नेदे म्हणाला असता तर मी आपणहून—

मेतोदी, तू असशील तर थांब. आणि तू नसशील तर त्या